ट्रॅक्टर घेण्यापूर्वी तुलना कशी करावी?

बैलजोडी विकत घेताना शेतकरी बाजारात तिचे दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो आणि घरी आणण्यापूर्वी चार जाणत्यांचा सल्ला घेतो. परंतु बैलजोडीपेक्षा कितीतरी अधिक किमतीचा ट्रॅक्टर घेताना मात्र पुष्कळदा एवढीही चौकशी केली जात नाही. शेजाऱ्याने अमुक रंगाचा ट्रॅक्टर घेतला म्हणून, किंवा विक्रेत्याने सणासुदीला सूट जाहीर केली म्हणून व्यवहार ठरतो. या व्यवहारापोटी बहुधा जमीन तारण पडते आणि पाच ते सात वर्षांच्या हप्त्यांचे ओझे कुटुंबावर येते. यास्तव निरनिराळ्या ट्रॅक्टरांची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे आवश्यक आहे, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते त्यास समजावून देणे हे त्यांचे कर्तव्यच होय.

निवड कठीण का झाली?

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास शेतकऱ्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. खडबडीत वाटेने चालणारे वाहन म्हणजे जीप. १९४७ साली महिंद्र कंपनीने विलीज जीपगाड्यांची जुळणी हाती घेतली आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर विकास गटाची जीप हीच खेड्यात पोचणारी पहिली मोटार ठरली. ट्रॅक्टर बहुतेक परदेशातून येत. १९५९ साली फरिदाबाद येथे आयशर कंपनीचा पहिला स्वदेशी ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये मद्रास येथे मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे ही कंपनी निघाली, आणि १९६३ मध्ये महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने मुंबईत ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. आज महिंद्र, स्वराज, सोनालिका, मॅसी फर्ग्युसन, आयशर, जॉन डिअर, न्यू हॉलंड, कुबोटा, फार्मट्रॅक इत्यादी अनेक नावांचे ट्रॅक्टर बाजारात आहेत आणि प्रत्येकाचे पुन्हा लहानमोठे दहा प्रकार आहेत. यांपैकी अमुक एक सर्वांत उत्तम असे म्हणता येत नाही. एका शेतात उत्तम ठरलेला ट्रॅक्टर दुसऱ्या शेतात गैरसोयीचा ठरतो. म्हणून तुलना यंत्रापासून सुरू न करता स्वतःच्या जमिनीपासून सुरू करावी.

प्रथम जमीन पाहावी

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके सरळ दोन भागांत पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके घाटाखाली मोडतात. घाटावर जमीन चढउताराची असून बऱ्याच ठिकाणी हलकी व मध्यम आहे. मुरूम वर येतो, धुरे जवळजवळ असतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खारपाणपट्ट्यात तर निचरा इतका मंद असतो की वाफसा येण्यास बरेच दिवस लागतात. मिळालेल्या थोड्या वाफशात काम उरकणे हीच तेथील खरी निकड होय.

यावरून असे दिसून येईल की, घाटाखालील खोल काळ्या जमिनीत ओढशक्ती व चाकांची पकड यांस महत्त्व द्यावे. घाटावरील चढउताराच्या व लहान तुकड्यांच्या जमिनीत तोल, ब्रेक व थोड्या जागेत वळण्याची सोय यांस महत्त्व द्यावे. संत्रा, डाळिंब यांच्या बागा, ठिबक पसरलेला कापूस, किंवा देऊळगाव राजा परिसरातील शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन अशा ठिकाणी पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा अरुंद, लहान ट्रॅक्टर अधिक उपयोगी पडतो. परंतु त्याच लहान ट्रॅक्टरकडून काळ्या जमिनीत खोल नांगरटीची अपेक्षा करणे म्हणजे गोऱ्ह्याला मोटेस जुंपण्यासारखे होय.

अश्वशक्ती म्हणजे काय व ती किती हवी?

विक्रेत्याच्या पत्रकावर जी अश्वशक्ती छापलेली असते ती इंजिनाची असते. औजार फिरविणाऱ्या मागील दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर, त्यांपैकी साधारणतः ८५ ते ९० टक्के शक्ती पोचते. नांगर ओढताना चाके घसरतात, त्यामुळे मऊ जमिनीत ओढीसाठी याहूनही कमी शक्ती उरते. यास्तव दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना इंजिनाची नव्हे, तर पी.टी.ओ.ची अश्वशक्ती विचारावी.

गरजेचा अंदाज काढण्याची रीत सोपी आहे. समजा, दोन फाळांचा नांगर एकूण ६० सेंटिमीटर रुंदीचा तास घेतो आणि खोली २५ सेंटिमीटर ठेवावयाची आहे. तासाचा छेद १,५०० चौरस सेंटिमीटर झाला. भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो विरोध धरल्यास एकूण ओढ १,२०० किलो होते. ताशी ४.५ किलोमीटर वेगाने ही ओढ घ्यावयाची असेल, तर १,२०० ला ४.५ ने गुणून २७० ने भागावे. उत्तर २० अश्वशक्ती येते. ही प्रत्यक्ष ओढीची शक्ती झाली. ओढीपर्यंत पी.टी.ओ.च्या शक्तीपैकी ६० टक्के पोचते असे धरल्यास पी.टी.ओ.वर सुमारे ३३, आणि इंजिनात ३८ ते ४० अश्वशक्ती असावयास हवी. हलक्या जमिनीत विरोध कमी असल्याने याहून लहान ट्रॅक्टर तेच काम करतो. स्वतःच्या शेतातील सर्वांत जड काम कोणते ते ठरवून हा हिशेब मांडावा.

गरजेपेक्षा मोठा ट्रॅक्टर घेणे हेही शहाणपणाचे नाही. जड ट्रॅक्टर ओल्या काळ्या जमिनीवर फिरल्यास माती दाबली जाते आणि पुढे पिकाच्या मुळांना अडथळा होतो. त्याचप्रमाणे ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुरासंबंधीचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. अशा इंजिनांत इंधनपुरवठ्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येते; ती इंधन नेमके वापरते, परंतु तिची किंमत अधिक असते व दुरुस्ती गावच्या मिस्त्रीच्या हाती राहत नाही.

दोन चाकी ओढ की चार चाकी ओढ?

साध्या ट्रॅक्टरात केवळ मागील चाके ओढतात. दुसऱ्या प्रकारात चारही चाकांना शक्ती मिळते. तेवढ्याच अश्वशक्तीचा चार चाकी ओढीचा ट्रॅक्टर चिखलात कमी घसरतो व जड औजार सहज ओढतो. पूर्णाकाठच्या चिकट जमिनीत, पावसाळी पांदणीत आणि चिखलातून माल बाहेर काढताना हा गुण मोलाचा ठरतो. उलटपक्षी त्याची किंमत अधिक असते, पुढील आसाची देखभाल वाढते, आणि डांबरी रस्त्यावर ही ओढ चालू ठेवल्यास पुढील टायर लवकर झिजतात. ज्याचे निम्मे काम ट्रॉलीने रस्त्यावर वाहतूक करण्याचे आहे, त्याला या अधिक खर्चाचा पुरेसा मोबदला मिळत नाही. साध्या ट्रॅक्टरची पकडही मागील टायरांत सुमारे तीन चतुर्थांश पाणी भरून व चाकांना वजने लावून वाढविता येते, हे ध्यानात ठेवावे.

उचल, औजारे व जुळणी

ट्रॅक्टर एकटा काही करीत नाही. काम औजार करते. पलटी नांगर, रोटाव्हेटर, रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरणारे बी.बी.एफ. यंत्र ही औजारे जड असतात. ती उचलण्याची क्षमता पाहताना एक बाब तपासावी. पत्रकात बहुधा खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली उचल दिलेली असते, तर परीक्षणात ती टोकाच्या मागे ६१० मिलिमीटर अंतरावर मोजतात. औजाराचे वजन मागेच लटकत असल्याने दुसरा आकडा अधिक खरा होय. एका ट्रॅक्टरचा पहिला आकडा व दुसऱ्याचा दुसरा आकडा यांची तुलना करू नये.

आंतरमशागतीसाठी ट्रॅक्टर वापरावयाचा असेल तर चाकांतील अंतर पिकाच्या ओळींशी जुळते का, ते अंतर कमीजास्त करता येते का, हेही पाहावे. अन्यथा डवरणीसाठी पुन्हा बैलजोडी भाड्याने आणावी लागते.

परीक्षण अहवाल मागावा

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली भारत सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे भारतीय मानकानुसार ट्रॅक्टरांची तपासणी होते. पी.टी.ओ.ची शक्ती, इंधनाचा खर्च, उचल, ब्रेक, वळण्याची त्रिज्या, आवाज व कंप या सर्व बाबी तिच्या अहवालात असतात. विक्रेत्याकडे प्रत्येक ट्रॅक्टरच्या अहवालाची मागणी करावी आणि तेच ते आकडे समोरासमोर लिहून घ्यावेत. अहवाल वाचण्यास अडचण वाटल्यास जळगाव जामोद किंवा बुलढाणा येथील कृषी विज्ञान केंद्राचे साहाय्य घ्यावे. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही कृषी अभियांत्रिकीचे तज्ज्ञ आहेत.

आपल्या शेतात चाचणी घ्यावी

अहवाल कितीही चांगला असला तरी अखेरची परीक्षा स्वतःच्या शेतातच होते. निवडलेले दोन किंवा तीन ट्रॅक्टर एकाच शेतात, एकाच दिवशी, त्याच नांगराने व त्याच खोलीवर चालवून पाहावेत. आज कोरड्यात एक व चार दिवसांनी ओल्यात दुसरा चालविला, तर त्या तुलनेस अर्थ राहत नाही. पुढील दोन मोजमापे कोणासही घेता येतील.

पहिले मोजमाप घसरणीचे. मागील चाकावर खडूने खूण करावी. नांगर उचलून धरून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे; नंतर नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा, पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर ६ मीटर, म्हणजे १५ टक्के घसरण झाली. शेतात दहा ते पंधरा टक्के घसरण चालते. त्याहून फार अधिक घसरण झाल्यास डिझेल व टायर दोन्ही वाया जातात.

दुसरे मोजमाप इंधनाचे. सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरावी, एक एकर नांगरावे, आणि त्याच जागेवर येऊन मापाच्या डब्याने टाकी पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे लिटर लागले तेवढा एकरी खर्च. ताशी अर्ध्या लिटरचा फरकही लहान मानू नये. वर्षात ६०० तास काम झाले तर तो ३०० लिटरचा होतो.

चाचणीच्या वेळी ट्रॅक्टर जो रोज चालविणार आहे त्यालाच बसवावे. गिअर सहज पडतात का, क्लच पायास जड जातो का, मागे वळून औजार दिसते का, उन्हात दोन तासांनी पाठीस त्रास होतो का, हे त्यालाच कळते.

घाट, उतार व जिवाची सुरक्षितता

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट किंवा खामगावकडे जाणारा बोथ्याचा रस्ता ज्यांच्या नेहमीच्या वाटेवर आहे, त्यांनी ब्रेकच्या बाबतीत तडजोड करू नये. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. तेलात बुडालेले ब्रेक धूळ व चिखल यांपासून सुरक्षित राहतात. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेकचे पावडे एकत्र जोडावेत, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कदापि टाकू नये, आणि ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरावे. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक व मागे लाल परावर्तक असावेत. उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी मागील लोखंडी चौकट व आसनपट्टा असलेला ट्रॅक्टर पसंत करावा. पी.टी.ओ.च्या फिरत्या दांड्यावर झाकण नसेल तर धोतराचे टोक किंवा साडीचा पदर त्यात अडकून क्षणात जीव जातो. म्हणून ते झाकण आहे हे पाहूनच यंत्र ताब्यात घ्यावे.

मालकी परवडते का?

कोणता ट्रॅक्टर घ्यावा यापूर्वी ट्रॅक्टर घ्यावाच का, हा प्रश्न विचारला पाहिजे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिती खाते १.३४ हेक्टरचे, म्हणजे सुमारे सव्वातीन एकरांचे आहे. पुढील हिशेब केवळ नमुन्यादाखल आहे. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत.

ट्रॅक्टर व औजारे मिळून ८ लाख रुपये लागले व ती दहा वर्षे चालणार असे समजू. दहा वर्षांनी एक दशांश किंमत उरेल असे धरल्यास घसारा वर्षाला ७२,००० रुपये, सरासरी गुंतवणुकीवर १० टक्क्यांनी व्याज ४४,००० रुपये, आणि विमा, निवारा वगैरे १६,००० रुपये. एकूण १,३२,००० रुपये. ट्रॅक्टर उभा राहिला तरी हा खर्च होतोच. वर्षात १,००० तास काम झाले तर तो ताशी १३२ रुपये पडतो. ३०० तासच झाले तर ताशी ४४० रुपये पडतो.

भाड्याने ट्रॅक्टर ताशी ९०० रुपयांस मिळतो आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचा डिझेल, वंगण, दुरुस्ती व चालक मिळून चालू खर्च ताशी ५५० रुपये येतो असे धरू. तासामागे ३५० रुपये वाचतात. १,३२,००० ला ३५० ने भागल्यास सुमारे ३७७ तास येतात. याहून कमी काम असल्यास भाड्याचाच ट्रॅक्टर स्वस्त.

आता एका एकराला वर्षात किती तास लागतात ते पाहावे. नांगरटीस सुमारे दोन तास, मोगड्याच्या दोन पाळ्यांस एक तास, रोटाव्हेटरला एक तास, पेरणीस एक तास, मळणी व वाहतुकीस तीन तास. एकूण आठ तास. दहा एकरांच्या शेतकऱ्याकडे घरचे काम ८० तासांचे झाले. उरलेले जवळजवळ ३०० तास त्याला गावात भाड्याने काम मिळविले पाहिजे. गावात आधीच पाच-सहा ट्रॅक्टर भाड्याने फिरत असतील तर हे काम कोठून मिळणार, हा विचार सही करण्यापूर्वी व्हावा.

कर्जाचेही तसेच. ७ लाख रुपये १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास सहामाही हप्ता सुमारे ९०,६५० रुपये येतो आणि पाच वर्षांत एकूण ९ लाख ६,५०० रुपये भरावे लागतात. एक हंगाम पावसाने दगा दिला तर तो हप्ता कशातून भरावयाचा, याचे उत्तर घरात सर्वांसमक्ष ठरवावे. जेथे उत्तर सापडत नाही तेथे दोघातिघांनी मिळून ट्रॅक्टर घेणे, किंवा शेतकरी गटाच्या औजार बँकेतून औजारे भाड्याने घेणे अधिक श्रेयस्कर होय.

किंमत, अनुदान व कागदपत्रे

ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे; त्यापूर्वीच्या दरपत्रकावर विसंबू नये. यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी खरेदी करू नये, आणि त्या वर्षीचे दर व अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचाराव्यात. अनुदान मिळते एवढ्याचसाठी गरज नसलेले यंत्र घेणे हा मात्र तोट्याचाच व्यवहार ठरतो. दरपत्रकात विमा, नोंदणी, टायरचे माप व सोबत मिळणारे साहित्य स्वतंत्र लिहून घ्यावे.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा उतरला आहे की नाही हे प्रथम पाहावे. थंड इंजिन स्वतःसमोर चालू करावयास लावावे. निळसर धूर निघाल्यास इंजिन तेल जाळते. काळा धूर सतत निघाल्यास इंधनाची यंत्रणा बिघडलेली असण्याचा संभव असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी.

दुरुस्तीची सोय

मृगाच्या पावसावर पेरणी चालू असता ट्रॅक्टर बंद पडला आणि सुटा भाग येण्यास आठ दिवस लागले, तर हंगामच हातचा जातो. म्हणून खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर यांपैकी आपल्या जवळच्या बाजारात त्या ट्रॅक्टरची कार्यशाळा आहे का, मिस्त्री शेतावर येतो का, क्लच प्लेट, गाळणी, पट्टे यांसारखे नेहमीचे भाग दुकानात असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. तोच ट्रॅक्टर तीन-चार वर्षे वापरणाऱ्या शेतकऱ्यांस भेटावे. नव्या ट्रॅक्टरचा मालक त्याची स्तुतीच करतो, जुना मालक खरे सांगतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी कोणत्याही एका कंपनीची शिफारस करू नये. गावात ट्रॅक्टर घेऊ इच्छिणाऱ्यांची बैठक बोलावून फळ्यावर तक्ता काढावा. डाव्या बाजूस पी.टी.ओ.ची शक्ती, एकरी इंधन, घसरण, उचल, ब्रेक, वळण, किंमत, कार्यशाळेचे अंतर ही शीर्षके लिहावीत व वर निवडलेल्या ट्रॅक्टरांची नावे. रकाने शेतकऱ्यांकडूनच भरून घ्यावेत आणि शेवटी प्रत्येकाला आपल्या वार्षिक तासांचा हिशेब करावयास लावावा. बैठकीच्या शेवटी एखाद्याने या वर्षी ट्रॅक्टर न घेण्याचे ठरविले, तरी बैठक व्यर्थ गेली असे समजू नये. त्याची जमीन तारणातून वाचली, हेही विस्तारकार्याचे फळच होय.